निवांतची आत्या

रस्त्यानं कुनाची करकरती चप्पल वाजली की अजून बी माझा हात पदराकडं जातोय. वाटतंय, डॉक्टर आलं. आता ते कुठलं येत्यात. पर हाताला कोन सांगनार?

कोल्हापूरची चप्पल सगळ्यास्नी ठावं हाय. पर करकरती चप्पल वेगळी. तळाच्या दोन चामड्यांच्या मधी कारागीर कायतरी घालतोय, मग टाच टेकली की कर्र करून वाजती. पूर्वी पाटील, पैलवान असली घालायचं. मानूस दिसायच्या आधी त्येचा आवाज गल्लीत शिरायचा. आनि हे डॉक्टर, येवढं शिकल्यालं, मोठ्या दवाखान्यात लहान बाळांच्या डोक्याचं फोटू बघनारं, तसली चप्पल घालून फिरायचं. नर्सबाया म्हनायच्या, "सर, चांगलं बूट घ्या की." तर म्हनायचं, "चोरपावलानं यायला मी काय चोरी करतोय व्हय?"

आमी बायका काचंच्या पेटीतल्या बाळांच्या खोलीभाईर बाकड्यावर बसायचो. कर्र कर्र आवाज जिन्यावरनं यायचा, आमच्या म्होरनं जायाचा आनि त्या खोलीच्या दारात थांबायचा. तिथं ते चप्पल काढून ठेवायचं आनि अनवानी आत जायाचं. आत लहान जीव झोपल्यात म्हनून. आवाज थांबला की आमी सगळ्या त्या दाराकडं माना वळवायचो. आज कुनाच्या बाळापाशी थांबलं आसतील?

अंगात भर उन्हाळ्यात लोकरीचा स्वेटर, कोपराला उसवल्याला. मशीनच्या खोलीत गार असतंय म्हनून घालायचं, पर भाईर चहाच्या गाड्यावर बी तोच घालून घाम पुसत उभं. स्वेटरच्या खिशात भाजक्या शेंगा. टरफलं बी परत त्याच खिशात. मग बोलता बोलता शेंग म्हनून टरफलच चावायचं आनि राग मशीनवर काढायचं.

मी चौथीतनं शाळा सोडल्याली बाई. मालक लवकर गेलं. कसबा बावड्याला लोकांच्या उसात तन काढायची भांगलन केली, दोन म्हशी सांभाळल्या आनि त्याच्यावर माझी लेक सुरेखा वाढवली. तिला कागलला दिली. पहिलं बाळंतपन म्हायेरात म्हनून ती माझ्याकडं आलती. सातवा लागलेला. एक दिवस सकाळी भाकरी थापता थापता तिनं परात बाजूला सारली आनि म्हनाली, "आये, पानी गेलं."

पोरगं झालं ते म्हशीच्या कानाएवढं. कांदा सोलताना आतला पापुद्रा निघतोय का न्हाय, तसली कातडी. आतलं निळं निळं सगळं दिसायचं. काचंत ठेवलं. नाकात नळी, पायाला वायर. सुरेखा दूध काढून वाटीत द्यायची, मी ती वाटी पदराखाली झाकून न्यायचो. येवढंच माझं काम हुतं.

डॉक्टरांस्नी पहिल्यांदा बघितलं ते तवाच. आत आलं, अनवानी. पेटीपाशी वाकलं आनि आमच्या त्या कानाएवढ्या पोराला म्हनालं, "काय पावणं, लवकर आलासा! सांगावा तरी धाडायचा. आमची तयारी न्हाय, काय न्हाय."

मला वाटलं, मानूस खुळा हाय.

पर मागनं बघितलं, समद्या बाळांस्नी ते असंच मानानं बोलायचं. "पावणं, जरा मान वळवा." "पावणं, झोप झाली का?" आनि मोठ्या मानसांस्नी? "ए, सर तिकडं!" मोठ्या डॉक्टरला बी, झाडूवाल्याला बी, मला बी.

त्या दिशी त्यांनी पोराच्या टाळूवर मशीनचा दांडा ठेवून आतलं बघितलं. आधी ते गार औषध तळहातावर चोळून ऊन केलं, मग लावलं. मला म्हनालं, "आक्का, टाळू म्हंजे देवानं उघडी ठेवल्याली खिडकी हाय. बंद व्हायच्या आधी आत डोकवून घ्यावं."

मी म्हनालो, "आमी तिथं तेल भरतो."

"भरा की. पर दाबू नका. खिडकीवर कुनी बसतंय व्हय?"

पोरगं हळूहळू अंग धरायला लागलं. नळ्या निघाल्या. घरी सोडायच्या आधी डोक्याचा मोठा फोटू काढायचा ठरला. एमआरआय म्हनत्यात त्याला. माझी विहीन, सुरेखाची सासू, कागलवरनं आलती. मोठ्या आवाजाची बाई. तिनं ते नाव ऐकलं आनि कपाळाला हात लावला. "यमराय? नुकतं कुठं पोर जगलंय आनि यमरायाकडं न्यायचं व्हय?" नर्सनं समजावलं तवा गप बसली, पर तोंड वाकडंच.

मशीनच्या खोलीच्या दारात डॉक्टर आडवं उभं ऱ्हायलं. "नाव?"

सुरेखा म्हनाली, "अजून बारसं केलं न्हाय."

विहीनबाई म्हनाली, "फोटू चांगला येऊ दे डॉक्टर. मग थाटात करू बारसं. आनि मग घरी नेऊ दोघास्नी."

फोटू चांगला आला तर. माझ्या लेकीनं मान खाली घातली. तिला कळलं, मला बी कळलं. फोटू वाईट आला तर बारसं बी न्हाय आनि घर बी न्हाय.

डॉक्टरनी चष्मा वर सारला. "बिननावाच्या पावण्याचा फोटू मी काढत न्हाय."

"कागदावर लिवलंय की," विहीनबाई म्हनाली. "सुरेखाचं बाळ."

"त्यो पत्ता झाला. नाव न्हवं. दारात पावणं आलं की आपुन आधी नाव इचारतोय, मग पानी देतोय. हितं बी तसंच."

"नाव आत्या ठेवती. माझ्या पोराला भन न्हाय. आत्या कुठनं आनू?"

"मग मी हाय की आत्या!"

आनि त्या मानसानं खरंच नर्सच्या हातातला टॉवेल घेतला, डोक्यावरनं पदरागत घेतला आनि सुरेखाच्या मांडीवरच्या पोराच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्रर्र!" सगळी ऐकत हुती. "निवांत!"

सुरेखा रडायचं इसरली. "निवांत? असलं कुठं नाव असतंय व्हय?"

"लवकर येऊन बसलाय. आता तरी निवांत ऱ्हावा."

आता बारशात आत्यानं नाव ठेवलं की तिच्या पाठीत बुक्क्या घालायच्या, ही रीत. रीत ती रीत. मी इकडंतिकडं बघितलं आनि येवढ्या मोठ्या डॉक्टरच्या पाठीत धपाका घातला. त्येंचा चष्मा नाकावरनं सुटला.

"आयायाय! आक्का, हात हाय का मुसळ?"

"म्हशींचं शेन काढल्याला हात हाय डॉक्टर."

विहीनबाई बी उठली. तिनं दोन घातल्या. रागाच्याच हुत्या त्या, पर बसल्या बारशाच्या म्हनून. नर्सबाया तोंडाला हात लावून हसत हुत्या. त्या भिंतींस्नी तसलं हसू ऐकायची सवय नव्हती.

शाळंच्या दाखल्यासाठी मागनं दुसरं नाव घातलं. पर ते हाक मारायला कुनाच्या तोंडात येत न्हाय. घरात, गल्लीत, त्यो निवांतच.

फोटू काढायला पोरगं हालून चालत न्हाय. दुसरीकडं झोपंचं औषध देत्यात म्हनं. डॉक्टरांस्नी ते पटायचं न्हाय. "एवढ्याशा जिवाला कशाला? पोट भरा, गुंडाळा, आपोआप झोपतंय." सुरेखानं पाजलं. कानात कापूस घातला, वरनं जाड टोपडं. करदोड्यातला लोखंडाचा मनी सुद्धा काढायला लावला. मग मशीन सुरू झालं. त्येचा आवाज काय सांगू, गुऱ्हाळाचा चरका, मळनीचं मशीन आनि लग्नाचा बँड एकदम. मी भाईर उभं राहून देवाचं नाव घेतोय आनि डॉक्टर दारापाशी फरशीवर मांडी घालून बसल्यालं, ओठावर बोट ठेवून मलाच गप करत्यात. माझं तोंड बंदच हुतं.

निवांत जागा झाला न्हाय. नावाला जागला.

मग दुसऱ्या दिशी आवाज आला. कर्र, कर्र. आमच्या म्होरं थांबला. तिघीस्नी आत नेलं. पडद्यावर फोटू हुता. अक्रोड मधनं कापल्यागत दिसत हुतं, एका बाजूला करडं, एका बाजूला पांढरट. डॉक्टर म्हनालं, "मेंदूत बी काळी आनि पांढर असती आक्का. तुमच्या पोराच्या पांढरीत डाग हायत." येवढं बोललं आनि आतनं कुनीतरी हाक मारली, एका बाळाचा श्वास अडकलाय म्हनून. "बसा, आलोच," म्हनून चप्पल तिथंच टाकून अनवानीच पळालं. त्या दिशी ते परत आलंच न्हाईत. आमी वाट बघून पोराला घेऊन बावड्याला निघालो.

तिघी वाटंला लागलो. मग विहीनबाई म्हनाली, "तरी म्हनत हुतो!"

आता हे सांगायला पायजे. आमच्याकडं जी पिकती ती काळी आनि ज्या जाग्यावर गाव बसलंय ती पांढर. गावात काय वाईट झालं, रोगराई आली, की जुनी मानसं म्हनत्यात पांढर कोपली. दहीभात ठेवत्यात, नारळ फोडत्यात. डॉक्टर म्हनालं पांढरीत दोष हाय, आमी तेच समजलो. डोक्यातल्या पांढरीचं आमाला काय ठावं?

भांडान लागलं ते येगळंच. कुठल्या गावची पांढर कोपली? विहीनबाई म्हनाली, "पोर तुमच्या बावड्यात झालं. तुमची पांढर."

मी म्हनालो, "पोटात राहिलं कुठं? तुमच्या कागलात. तुमची."

"आमची पांढर गरीब हाय!"

"आमची काय मारकी हाय व्हय?"

शेवटाला दोन्ही गावच्या पांढरीला नारळ फोडला. मी हिकडं, तिनं तिकडं. दोन दिवसांनी खोबरं घेऊन मी डॉक्टरांपुढं उभं. "डॉक्टर, दोष काढला. आता परत फोटू काढा."

त्यांनी मला बसायला सांगितलं. मग सगळं इचारून घेतलं, काय केलं, कुठं केलं. मला वाटलं आता हसतील. हसलं न्हाईत. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आनि म्हनालं, "चूक माझी हाय. मी अर्धं बोलून उठलो. विहीनबाईला बी बोलवा. पहिल्यापासनं सांगतो."

ती आल्यावर सगळ्यांसमोर त्यांनी खिशातली टरफलं टेबलावर वतली. एका कडंला ढीग केला. "ही काळी. हितं विचार पिकतोय." मधी मोकळी जागा ठेवली. "ही पांढर. ह्यात वाटा असत्यात. घरापासनं रानात जानाऱ्या. हुकूम ह्या वाटंनं हाताला जातोय, पायाला जातोय." मधोमध चहाची कपबशी ठेवली. "हे तळं. सगळ्यांच्या डोक्यात असतंय, घाबरू नका. पायाकडं जानारी वाट ह्या तळ्याच्या अगदी काठानं जाती. पोटातल्या शेवटच्या दोन म्हैन्यात त्या वाटंवर मुरूम पडायचा असतोय. पावणं लवकर आलं. मुरूम पडला न्हवता, तवर काठ थोडा ढासळला. हे डाग तेच हायत. गावचा कोप न्हाय, कुनाचा शाप न्हाय."

विहीनबाई म्हनाली, "म्हंजे चालनार न्हाय."

"मी तसं म्हनालो व्हय?"

"मग चालंल?"

"तसं बी म्हनालो न्हाय."

"मग म्हनताय तरी काय?"

"बाई, फोटूला पाय नसत्यात." हे त्येंचं ठरल्यालं बोलनं. कुनी बी इचारू दे, आमदार इचारू दे, हेच सांगायचं. "वाट ढासळली की गावातली मानसं घरात बसत्यात काय? बांधावरनं जात्यात. पहिल्यांदा काटं लागत्यात. रोज गेलं की वाट मळती. ह्येचं पाय रोज हलवा. व्यायाम शिकवनारी बाई हाय, ती सांगंल तसं करा. मळल्याबिगर कळनार न्हाय वाट व्हती का न्हाय."

विहीनबाईनं पिशवी उचलली. "मग कळूस्तोवर मायलेकरं हितंच ऱ्हाऊ द्यात." आनि गेली. सुरेखा भिंतीकडं बघत हुती. पोरगं तिच्या मांडीवर जांभया देत हुतं.

ती पोराला पाजायला भाईर गेल्यावर डॉक्टर मला म्हनालं, "आक्का, परवा तुमी त्या फोटूकडं लई येळ बघत हुता. काय दिसलं?"

हे मी कुनाला सांगत नव्हतो. पर सांगितलं. सुरेखाच्या आधी मला एक पोरगा हुता, बापू. त्यो बी सातव्यातच झाला. चुलीपाशी कापसात ठेवून जगवला. डोकं हुशार, बोलनं गोड, पर पाय कात्रीगत एकावर एक. भांगलायला जाताना काखंत मारून न्यायचो, बांधावर बसवायचो. तिथनं त्यो मला सांगायचा, "आये, त्या सरीतलं तन ऱ्हायलं." आठवं वरीस सरलं न्हाय, तापानं गेला. सासू मरूस्तोवर म्हनायची, ग्रहनात मी इळी हातात धरली म्हनून पोराचं पाय असं झालं. मी धरली नव्हती. पर माझं कोन ऐकतंय.

डॉक्टर खुर्ची सरकवून माझ्याजवळ बसलं. मग पडद्याकडं बोट केलं. "बापूचा फोटू कुनी काढला न्हाय. काढला आसता तर असाच दिसला आसता. तळ्याचा काठ. इळीचा काय संबंध न्हाय आक्का."

मी म्हनालो, "बरं."

घरी आलो, म्हशींस्नी वैरन टाकली. पर त्या दिशी वैरन टाकताना अंग हलकं वाटलं, खांद्यावरनं गवताचा बिंडा उतरवल्यागत.

डॉक्टरांची आनि एक खोड हुती. रस्त्यानं जानाऱ्या मानसाची चाल बघायचं. चहा पिता पिता मधीच म्हनायचं, "ह्येचा गुडघा दुखतोय." "ही बाई नवऱ्याशी भांडून आलीया." लोकं रागवायची. एकदा आमी व्यायामाला आलतो. विहीनबाई बी आलती. नातवाची काळजी न्हाय असं न्हाय हो, दर बाजाराला यायची, पोराला तेल लावायची. पर घरी न्यायचं नाव काढायची न्हाय. आमी चहाच्या गाड्यावर उभं. समोरनं एक मानूस चालला हुता. चाळिशीचा, धोतराटोपीतला, कपाळाला गुलाल. गुडघ्याला गुडघा घासत, चवड्यावर उड्या मारल्यागत.

डॉक्टर वरडलं, "ओ पावणं! सातव्या म्हैन्यात जन्मलासा काय?"

त्यो मानूस जागच्या जागी वळला. "तुमाला काय करायचंय?"

"चहा पाजायचाय."

"असं रस्त्यात कुनी इचारतंय व्हय? माझ्या आईबापाला तेवढं ठावं हाय!"

"मग बरोबर हाय तर! या की. शेंगा बी हायत."

कोल्हापूरचा मानूस, चहाला न्हाय म्हनतोय व्हय? आला. फुरफुर करत आला, पर आला. जोतिबाच्या डोंगरावर त्येचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान हुतं. डॉक्टर इचारत हुतं, त्यो सांगत हुता. "लहानपनी आईनं पाय चोळलं आसतील."

"आईनं कुठलं, बापानं. रोज रडवायचा. मी त्याला लई शिव्या घालायचो."

विहीनबाई कपातलं गार करत बसली हुती. तिनं एकदम इचारलं, "डोंगर चढताय?"

"चढतो की मावशी. पोरं पुढनं पळत्यात, मी मागनं पोचतो. देव काय पळून जातोय व्हय?"

डॉक्टरनी फकस्त त्या मानसाकडं हात केला आनि विहीनबाईकडं बघितलं. ह्यो बघा फोटू, असं.

ती बराच येळ त्येच्या पायांकडं बघत ऱ्हायली. मग कप ठेवला. "ह्यो डोंगर चढतोय," ती म्हनाली. "आमच्या घराला तर नुसता उंबरा हाय." सुरेखाकडं न बघताच म्हनाली, "सामान बांध गं पोराचं. गाडी गावंल आता."

सुरेखा उठली ती हातातली बशी गाड्यावर आपटूनच. फुटली बशी. डॉक्टर म्हनालं, "राहू दे, आत्याच्या नावावर."

मला बी तवाच सुचलं. "आत्या, बारशाचं काय आनलं न्हाईस पोराला?"

"देनार, देनार. आत्या गरीब हाय."

पुढं दर खेपंला मी हे बोलायचो आनि ते खिशातनं एक शेंग काढून निवांतच्या मुठीत द्यायचं. सुरेखा ती लगीच काढून घ्यायची, घशात अडकंल म्हनून.

पाय मळत बसलो आमी. कागलला सुरेखा आनि सासू, बाजाराच्या दिशी मी. गुडघं सोडवायचं, घोटा वाकवायचा, पोरगं बोंबलायचं. विहीनबाई त्येच्यावरनं मोठ्यानं वरडायची, "रड! जोतिबावाला बी रडायचा!" बसायला लागला उशिरा, रांगला त्येच्याहून उशिरा. भिंत धरून उभा ऱ्हायला तवा त्येच्या बरोबरीची पोरं गल्लीत पळत हुती. चालला तर चवड्यावर. दोन्ही टाचा वर, मोरागत. दवाखान्यातनं पायाला प्लास्टिकची पट्टी दिलती, ती बी घालत हुतो. व्यायामाची बाई म्हनायची, "टाच टेक बाळा, टाच." त्यो टेकायचा न्हाय. हुकूमच पोचत न्हाय तर पोरगं काय करंल?

मग एका खेपंला डॉक्टरनी कागदाची पुडी म्होरं केली. "घे गं आक्का, आत्याचा आहेर."

आत चप्पल हुती. तळहाताएवढी. कोल्हापुरी, लाल गोंडा, पडू नये म्हनून मागनं पट्टा. मी उलटीपालटी करून बघितली.

"करकरती हाय," डॉक्टर म्हनालं. "एवढी लहान करायला कारागीर तयार नव्हता. म्हनाला, साहेब, बाहुलीला व्हय? आता बघा. चवड्यावर चालला तर मुकी. टाच टेकली तरच बोलनार. तुमी वरडायचं बंद करा. चप्पल सांगंल त्याला."

विहीनबाई घरी आल्यावर म्हनाली, "डॉक्टरचं डोकं फिरलंय." पर पोराला चप्पल तिनंच घातली.

मुकीच ऱ्हायली ती. घातली, काढली, घातली. गोंडा तुटला, सुरेखानं शिवला. मी निवांतला डॉक्टरांची चाल करून दाखवायचो, साठी उलटल्याली बाई अंगनात टाच आपटत. त्यो हसायचा. चप्पल मुकी.

त्या साली आमी दाखवायला गेलो तर जिन्यावरनं आवाज आला न्हाय. त्या खुर्चीत एक तरुन डॉक्टरीनबाई बसल्याली. चांगली हुती, मायाळू. पर नर्सनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर गेलं आज्जी. घरी, खुर्चीत बसल्या बसल्या." मी बाकड्यावर बसलो. त्येंच्यासाठी शेंगा भाजून आनल्या हुत्या. तिथल्या बायकांस्नी वाटल्या. नवीन आलत्या सगळ्या, कुनाच्या पेटीत कोन. एकीनं इचारलं, "कशाबद्दल आज्जी?" मी म्हनालो, "आमच्या आत्याचं हाय."

परवाच्याच बाजाराची गोष्ट. मी कागलला गेलतो. दुपारची येळ. मी आनि विहीनबाई आत सोप्यात शेंगा फोडत बसलो हुतो. सुरेखा भाईर कपडं वाळत घालत हुती. आनि दारातनं आवाज आला.

कर्र.

माझा हात पदराकडं गेला. समोर बघितलं तर विहीनबाईनं बी पदर सारखा केल्याला. "डॉक्टर आलं काय गं?" ती म्हनाली. म्हनून झाल्यावर गपकन तोंड मिटलं.

दोघी दाराकडं बघत बसलो. उंबऱ्यात निवांत उभा. एका हातानं चौकट धरल्याली. खाली वाकून आपल्याच पायाकडं बघत हुता, कुनी बोललं म्हनून. मग त्यानं परत पाऊल उचललं आनि टाकलं. सावकाश. कर्र.

भाईर सुरेखाच्या हातातलं लुगडं तसंच राहिल्यालं.

मी हातातली शेंग खाली ठेवली. म्हनालो, "काय पावणं, लई उशीर केलासा."

त्यो हसला. अजून एक पाऊल टाकलं. ते मुकं पडलं. मग परत पहिल्या पायाचं, कर्र.

विहीनबाईनं कान दिला. मग शेंगा फोडायला लागली. डोळं टरफलात. "एकच वाजती की गं."

"दुसरी बी वाजंल," मी म्हनालो. "निवांत."